आखूड वही

१

रोज चार वाजता मी माझ्या भावाला चहा नेऊन देते. पितळी कडीत बसवलेला काचेचा पेला, साखरेचे दोन खडे आणि दिवसभरात झालेल्या आकडेमोडीचे कागद. खाली कँटीन आहे, पण ग्लेबला कुणी आठवण करून दिली नाही तर तो उपाशीपोटी समीकरणं मांडत बसतो आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडतो. तो बत्तीस वर्षांचा आहे, मी चाळीस. सन एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात, युद्ध सुरू झालं तेव्हा, स्मोलेन्स्कच्या फलाटावर आईनं त्याचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "याचा हात सोडू नकोस." ती मागच्या गाडीनं येणार होती. मागची गाडी मॉस्कोला पोचलीच नाही.

आमच्या भौतिकी संस्थेच्या चौथ्या मजल्यावर जिन्याजवळ आमची गणकखोली आहे. सहा बायका आणि सहा यंत्रं. दांडा फिरवला की आतली दातेरी चाकं कुरकुरतात आणि आकडा वर येतो. तिथून लांबलचक कॉरिडॉर सुरू होतो आणि त्याच्या टोकाला ग्लेबची खोली. त्याच्या खोलीतला रेडिएटर कधी बंदच होत नाही, म्हणून फेब्रुवारीतसुद्धा दार उघडं असतं.

मी देव मानत नाही, स्वप्नं मानत नाही. उंबरा मात्र मानते. उंबऱ्यावरून काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, हातसुद्धा मिळवायचा नाही. देणाऱ्यानं आत जावं, नाहीतर घेणाऱ्यानं बाहेर यावं. आमच्याकडे सगळेच हे पाळतात. अवकाश वाकतं असं सांगणारे मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा हात मिळवण्याआधी निमूटपणे पाऊल आत टाकतात. माझी मुलगी तास्या तीन वर्षांची असताना तिनं दारातून माझ्या हातात बाहुली दिली, तेव्हा मी तिला चापट मारली होती. "आधी आत ये, मग दे," म्हटलं. तिला मी मारलं ते तेवढं एकदाच. आता ती सात वर्षांची आहे आणि उंबरा दिसला की पाय आपोआप उचलते.

२

या हिवाळ्यात ग्लेबनं मला दोन वह्या करायला सांगितल्या. विषय त्याचा नेहमीचाच. एक अवजड तारा स्वतःच्याच भारानं आत कोसळतो आणि त्याच्याभोवती एक सीमा तयार होते. आत पडलेलं काही तिच्यातून परत येत नाही, उजेडसुद्धा नाही. तिच्याकडे पडणाऱ्या माणसाची जागा मी ओळीओळीनं काढायची होती. एका वहीत लांब उभ्या राहिलेल्या माणसाच्या घड्याळानं, दुसरीत पडणाऱ्याच्या स्वतःच्या घड्याळानं.

पहिली वही संपेना. प्रत्येक ओळीला माणूस सीमेच्या जवळ जायचा, पण आधीच्या ओळीपेक्षा कमी. मग आणखी कमी. मी चार वह्या जोडल्या तरी तो पोचला नाही. दुसरी वही मात्र चटकन संपली. सीमा कुठल्या ओळीला आली हे आकड्यांवरून कळलंही नाही, तिच्यापुढे आणखी पंधरा ओळी झाल्या आणि मग यंत्रानं उत्तर देणं सोडलं. मी त्यांना लांब वही आणि आखूड वही म्हणायला लागले. ओळीला पाच मिनिटं धरली होती.

"यातली खरी कुठली?" मी ग्लेबला विचारलं.

दोन्ही, असं तो म्हणाला. नकाशावर उत्तर ध्रुवापाशी सगळ्या रेघा एकमेकींत घुसतात, नकाशा तिथं बिघडतो. म्हणून काय तिथल्या अस्वलाच्या पायाला काही टोचतं? लांबच्या माणसाचा नकाशा सीमेवर बिघडतो, एवढंच. पडणाऱ्याला तिथं काहीच लागत नाही.

"आणि पंधरा ओळींनंतर?"

"तिथं मात्र नकाशा बदलून भागत नाही, रिम्का," तो म्हणाला. त्यानं साखरेचा खडा दाढेत धरला आणि वरून चहा प्यायला.

३

आमच्या विभागाचे प्रमुख साव्वा इल्यिच. मोठा माणूस, पण जिभेला धार. त्यांच्या मते अशा ताऱ्याला गोठलेला तारा म्हणावं. आपल्याला तो सीमेवर थबकलेलाच दिसणार, कधीही आत गेलेला दिसणार नाही. मग आत काय आहे याची उठाठेव कशाला? मंगळवारी सकाळी कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी ग्लेबला डिवचलं, की तुमची ती सीमा एवढी निरुपद्रवी असेल तर ओलांडून दाखवा.

ग्लेबनं खिशातून खडू काढला, स्वतःच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक रेघ ओढली आणि ती ओलांडून आत गेला. मग बाहेर आला, पुन्हा आत गेला. सगळे हसले, साव्वा इल्यिचही हसले. ग्रुशामावशी तेवढी चिडली. ती खाली कोटखोली सांभाळते आणि सकाळी फरशा पुसते. उंबऱ्याशी असले खेळ करतात का, असं पुटपुटत तिनं ओल्या फडक्यानं रेघ पुसून काढली. रेघ पुसली गेली, हे मी स्वतः पाहिलं.

त्याच दिवशी दुपारी ग्लेब जेवून वर आला. त्याला जिन्यापासून खोलीपर्यंत शीळ घालत जायची सवय आहे. गेली दहा वर्षं तीच एक चाल, आणि तीही बेसूर. मी यंत्राचा दांडा फिरवत ऐकत होते. तो कॉरिडॉरमध्ये जसजसा पुढे गेला तसतशी शीळ खाली उतरत गेली. आधी अर्धा सूर, मग पूर्ण. शेवटचे तीन सूर तर इतके खोल आणि सावकाश आले की माणसाच्या ओठांतून निघाले असं वाटेना.

मी हात थांबवला. बाकीच्या पाच यंत्रांची कुरकुर चालूच होती. माझ्या कानात सर्दी भरली असेल, असं मी ठरवलं. चार वाजता चहा घेऊन गेले तर स्वारी नेहमीसारखी फळ्यापाशी, हाताला खडू. "आज लवकर आलीस," म्हणाला. मी माझं घड्याळ पाहिलं. चार वाजून एक मिनिट झालं होतं. त्याच्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार.

मी म्हटलं, घड्याळाला किल्ली दे. आणि आले. तेव्हाच त्याला दंडाला धरून बाहेर काढायला हवं होतं, हे आता मला छळतंय.

४

बुधवारी सकाळी नऊ वाजता तो माझ्या दारावरून गेला. निळा स्वेटर, काखेत कागद. "चहा विसरू नकोस," म्हणाला आणि पुढे गेला.

अकराला मी फळ्याचं फडकं धुवायला बाहेर पडले तर कॉरिडॉरच्या टोकाला तो दारातच उभा. आमच्याकडे पाठ, एक हात चौकटीवर, एक पाय उंबऱ्याच्या वर उचललेला. मला हसू आलं. हाक मारली, त्यानं मान वळवली नाही.

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे लोक असे उभे राहतात. एकजण जिन्यात एक पाय वर, एक पाय खाली असा दोन तास उभा होता, आणि नंतर त्या दोन तासांसाठी त्याला पारितोषिक मिळालं. विचार करणाऱ्या माणसाला हटकायचं नाही, हा इथला पहिला नियम. लोक त्या टोकाकडे निघायचे, ग्लेबची पाठ बघायचे, आदरानं आवाज खाली आणायचे आणि परत फिरायचे.

चार वाजता मी चहा घेऊन निघाले. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं, स्वेटर निळा राहिला नव्हता. विटेसारखा दिसत होता. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड येत होता, कुठे तांबडं काही नव्हतं. मी थांबले. मला पुढे जाववेना. तो विचार करतोय, त्याची तंद्री मोडायला नको, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि चहा परत आणून मीच प्यायले. मी घाबरले होते, हे मी मान्य करायला हवं.

५

आज गुरुवार. सकाळी आल्या आल्या ग्रुशामावशीनं मला कोटखोलीत ओढलं. ग्लेबचा कोट कालपासून खुंटीवर होता. बाहेर उणे अठरा. बिनकोटाचा कुठे जाणार तो?

"आणि दुसरंही ऐक," ती म्हणाली. "त्या टोकाला मी फरशी पुसत नाही आता. बादली ठेवली की पाणी एका बाजूला चढतं."

"फरशी उतरती असेल, मावशी."

"एकवीस वर्षं पुसतेय मी ती फरशी," ती म्हणाली. "मला नको शिकवू."

वर आले. तो तसाच. पाय उचललेला, फक्त रंग आणखी काळवंडलेला, जळक्या पावाच्या कडेसारखा. आता माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे मोजणं. उंबऱ्यापासून त्याची टाच किती उंच आहे ते मी कॉरिडॉरमधल्या आग विझवायच्या वाळूच्या बादलीपाशी खुर्ची मांडून, पट्टी डोळ्यासमोर धरून, दर दहा मिनिटांनी लिहून काढलं. टाच खाली येत होती. थांबला नव्हता तो. प्रत्येक वेळी थोडी खाली, पण आधीपेक्षा कमी. सात आकडे झाल्यावर मी लिहायचं थांबवलं, कारण आठवा मला पाठ होता. नववाही. मीच काढले होते ते, डिसेंबरात, लांब वहीच्या तिसऱ्या पानावर.

मी साव्वा इल्यिचना ओढत आणलं. त्यांनी माझे आकडे वाचले, मग ग्लेबच्या पाठीकडे पाहिलं, मग चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"रिम्मा आर्काद्येव्ना," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही रडू नका. त्याला काही होणार नाही. आपल्या दृष्टीनं त्याला कधीच काही होणार नाही. बघा ना, उभाच आहे."

"आणि त्याच्या दृष्टीनं?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. तीन वाजता त्यांची गुरुवारची बैठक होती. तिकडे सगळ्यांना सांगतो, म्हणाले, आणि गेले. जाताना एकदाही मागे वळले नाहीत.

मी आखूड वही उघडली. त्याचं पाऊल त्याच्या घड्याळानं कधीच पलीकडे पडलं असणार. तिथून पुढे पंधरा ओळी.

६

मी बावळट बाई नाही. पाऊल आत टाकायचं नाही, एवढं मी पक्कं ठरवलं होतं. फडकी वाळत घालायची दोरी ग्रुशामावशीकडून घेतली, कमरेला दुहेरी गाठ मारली आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं. ती दोरी मनगटाला गुंडाळून बादलीपाशी पाय रोवून उभी राहिली. पाच वाजता तास्या शाळेतून येते आणि कोटखोलीत मावशीजवळ चित्रं काढत बसते. त्याआधी हे उरकायला हवं होतं. उंबऱ्याच्या अलीकडून हात घालायचा, स्वेटर पकडायचा आणि ओढायचं. चहा घेतला, कारण त्या दाराशी रिकाम्या हातानं जायची मला सवय नव्हती. आखूड वही काखेत मारली. चष्मा यंत्रावर राहिला.

जवळ जाऊ लागले तसा तो पुन्हा निळा होऊ लागला. शिळेचा एक जाड, लांब सूर हवेत अडकून राहिला होता, तो चढत चढत ओळखीचा झाला. तीच ती बेसूर चाल. माझा जीव भांड्यात पडला. स्वेटरवरचा मी घातलेला रफू दिसला. त्याचं पाऊल सरळ खाली आलं, साध्या माणसासारखं, आणि तो आत गेला. जाता जाता त्यानं हात मागे केला. तळवा उघडा. रोज चहा घ्यायला करतो तसा.

मी पेला पुढे केला. मध्ये उंबरा होता.

मी विचार केला नाही. चाळीस वर्षांत कधी केला नव्हता. पाय आपोआप उचलला गेला आणि मी आत जाऊन त्याच्या हातात चहा दिला.

काहीच झालं नाही. धक्का नाही, आवाज नाही, अंगावर शहाराही नाही. उंबऱ्याच्या त्या बाजूला जशी होते तशीच या बाजूला होते. मग मला कळलं मी काय केलंय.

७

"अगं, मी दार लोटायला हात मागे केला होता," ग्लेब म्हणाला. "वारा येतोय. आणि सकाळी नऊला कसला चहा?"

त्याला मी सगळं सांगितलं. कोट, पाण्याची बादली, आकडे. तो आधी हसला. मग माझ्या काखेतली वही घेऊन त्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला, अगदी लहान मुलाचा, आपलंच खरं निघाल्याचा. तो आनंद ओसरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

दार समोर होतं, उघडं. ग्रुशामावशी दिसत होती, दोरी ओढत होती. आम्ही हात धरून दाराकडे चालू लागलो. चार पावलांची तर खोली. आठ पावलं टाकली, बारा टाकली. दार समोरच, पण लहान झालेलं, आणि पाठीला काहीतरी लागलं. मी मागे हात लावून पाहिलं. कपाटाची कडी. ते कपाट दारासमोरच्या भिंतीला असतं, दारापासून सगळ्यात लांब. पुन्हा चाललो. या वेळी भिंतीला धरून, बाजूबाजूनं. पुन्हा कपाट.

मी कमरेची दोरी चाचपली. हातभर दोरी आणि पुढे विस्कटलेली टोकं. कधी तुटली ते मला जाणवलंच नव्हतं.

"ते कपाट त्या बाजूला नाही, रिम्का," ग्लेब म्हणाला. तो शांतपणे बोलत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "ते आता कुठल्याच बाजूला नाही. ते उद्यासारखं आहे. तू कुठेही तोंड करून चाल, उद्या यायचा तो येतोच."

"आत काय आहे?"

"तू वही केलीस. तू सांग."

कपाटाचं एक दार बोटभर उघडं होतं. मी एकदाच पाहिलं. वर ठेवलेले कागद, फळी, भिंतीच्या कागदावरच्या उभ्या पट्ट्या, सगळं त्या बोटभर फटीत जाऊन मिळत होतं आणि तरी फट भरत नव्हती. मी मान फिरवली. मान फिरवली तरी ती समोरच होती.

तेव्हापासून मी टेबलाशी बसून हे लिहिते आहे, आखूड वहीच्या मोकळ्या बाजूवर, चष्मा नाही म्हणून वही लांब सरकवून. ग्लेब शेजारी बसलाय. ज्या हातानं लिहीत नाही, त्या हातानं मी त्याचा हात धरलाय. चहा त्यानं अर्धा मला दिला. अजून गरम आहे.

एक सांगायचं राहिलं. माझ्या बाह्या आखूड झाल्यात. मनगटं चांगली दोन बोटं बाहेर आली आहेत. ग्लेबची मानही कॉलरमधून वर आलीय, पण मी त्याला बोलले नाही. आणि मघाशी माझी अंगठी बोटातून आपोआप सुटली. पंधरा वर्षं साबण लावूनही निघत नव्हती. जमिनीवरून घरंगळत कपाटापर्यंत गेली. पडल्याचा आवाज आला नाही.

८

आखूड वहीच्या चार ओळी उरल्यात, म्हणजे वीस मिनिटं.

ग्रुशामावशी दारातून दिसेनाशी झाली. कुणाला तरी बोलवायला धावली असणार. तिला काय दिसलं ते मला ठाऊक आहे. मी उंबऱ्यावर, पाय उचललेला, हातात पेला, रंग हळूहळू विटेचा. बैठक संपली की सगळे येतील, बघतील आणि आवाज खाली आणतील. साव्वा इल्यिच म्हणतील, त्यांना काही होणार नाही. तास्याला मावशी रोज आणून दाखवेल, ती बघ तुझी आई, अजून दारातच आहे. तिला माझी पाठ पाठ होईल. मी रडले, आणि ग्लेबनं माझे डोळे त्याच्या बाहीनं पुसले. त्याची बाही कोपरापर्यंत वर गेली होती.

तीन ओळी.

कॉरिडॉरमध्ये पावलं वाजतायत. ती धावत येणाऱ्या मोठ्या माणसांची नव्हेत. लोकरी बुटांची, लहान.

खाली कोटखोलीत कुणी नाही. मावशी वर माझी दोरी धरायला आली होती.

दारात तास्या आहे. लाल टोपी, दप्तर अजून पाठीला. डोळे बारीक करून माझ्याकडे बघतेय. हातात माझा चष्मा. यंत्रावर राहिलेला. तिला वाटतंय मी तिथेच आहे, दोन पावलांवर, पाठमोरी. ती म्हणतेय, "आई, चष्मा विसरलीस." आवाज अगदी स्पष्ट येतो. तिकडून इकडे सगळं येतं.

मी ओरडले. परत जा, जिन्यात जा, मावशीकडे जा. ग्लेबही ओरडला. आमचे आवाज दाराकडे गेले नाहीत, ते कपाटात पडले. मी चहाचा पेला दाराकडे भिरकावला. तोही कपाटात पडला.

दोन ओळी.

तिनं चष्मा पुढे केला. मग तिला उंबरा दिसला आणि तिनं हात मागे घेतला. शहाणी माझी पोर. उंबऱ्यावरून काही द्यायचं नाही, हे तिच्या लक्षात आहे.

तिनं पाय उचललाय.